पिंजऱ्याआधी गोठ्याला दार

वाळवा तालुक्यात एखाद्या वस्तीवरची शेळी रात्रीतून गेली की सकाळी पहिली मागणी होते ती पिंजऱ्याची. वन विभागाचे कर्मचारी येतात, ठसे पाहतात, पंचनामा होतो, गावातून निवेदन जाते आणि पुढचे काही दिवस पारावर पिंजरा हाच विषय असतो. जिथून शेळी गेली त्या जागेबद्दल कोणी फारसे बोलत नाही. तिथे बहुधा चार मेढी, वर पत्रा, एका बाजूला तुराट्यांचा कूड आणि बाकीच्या बाजू मोकळ्या असतात. शेळी खुंटीला बांधलेली असते, म्हणजे तिला पळून जाण्याचीही सोय नसते. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातल्या लहान शेतकऱ्याच्या जनावरांची सुरक्षितता या जागेपासून सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. शेळ्या, करडे, वासरे, रेडके यांना रात्री चारही बाजूंनी आणि वरूनही बंद होणारी जागा मिळाली पाहिजे आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने, साखर कारखान्यांनी आणि दूध संघांनी उचलला पाहिजे. पिंजऱ्याचा विचार त्यानंतरचा.

बिबट्या चांदोलीतून खाली उतरला, असे आजही सर्रास म्हटले जाते. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान शेजारच्या शिराळ्याच्या डोंगरात आहे आणि 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात ऊस किती काळ उभा असतो, ते पाहा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि फड तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. एवढ्या काळात त्या फडात माणसाची वर्दळ अगदी थोडी असते. आत गारवा असतो, पाटाला पाणी असते, आडोसा तर हवा तेवढा. मादी बिबट्या साधारण तीन महिन्यांत विते, म्हणजे एका उसाच्या आयुष्यात पिल्ले जन्मून, वाढून आईबरोबर फिरू लागतात. तोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. अशा वेळी वन विभागाचे लोक पिल्ले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्रीतून आई ती घेऊन जाते. उसात जन्मलेल्या या जनावराचे घर ऊसच आहे. एक बिबट्या उचलून नेला तरी फड तिथेच राहतो, आडोसा तिथेच राहतो आणि रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो.

याचा सर्वांत नीट अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, जिथे दर चौरस किलोमीटरमागे तीनशेहून जास्त माणसे राहतात, अशा ऊसपट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे नोंदवले. ते काय खातात हे विष्ठेच्या तपासणीतून पाहिले, तेव्हा वजनाच्या हिशेबाने 87 टक्के भक्ष्य पाळीव प्राण्यांचे निघाले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता आणि शेळ्यांचा 11 टक्के. आता यातली खरी गोम अशी की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी अंगाने बिबट्याच्या सोयीची, स्वभावाने गरीब, पळायला कुत्र्यापेक्षा मंद. तरी ती कमी मारली गेली, कारण बऱ्याच शेळ्या रात्री घरात किंवा कोंडवाड्यात असत आणि कुत्री मोकळी फिरत. रात्रीचे दार काय करू शकते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधावा लागणार नाही. तिथे बिबट्याही होता, भूकही होती, शेळ्याही भरपूर होत्या. मध्ये आली होती ती फक्त एक बंद जागा.

यावर लोकांचा पहिला आक्षेप असतो की बिबट्याच नको, पकडा आणि जंगलात सोडा. हा प्रयोग जुन्नर भागात 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. आधी जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले आणि जिथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. पकडलेला, घाबरलेला, अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या माणसाला जास्त धोकादायक ठरतो, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष. कायमचे कोंडून ठेवायचे म्हटले तर जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या केंद्रात जागा किती, हाही प्रश्न आहेच. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. शिराळा आणि कराड तालुक्यांत ऊसतोड मजुरांची लहान मुले बिबट्याच्या हल्ल्यात गेली आहेत, त्या आईबापांना सहजीवनाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण शेळी मारली म्हणून प्रत्येक बिबट्या उचलायचा, हे धोरण शेळी वाचवत नाही आणि माणसाचा धोका मात्र वाढवू शकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो जनावरे सांभाळणाऱ्या बायकांकडून येतो. गोठा बंद केला तर जनावर उकडून मरेल. हे खरे आहे. पत्र्याच्या शेडला चारही बाजूंनी विटा लावल्या तर उन्हाळ्यात आत उभे राहवत नाही, मुताचा उग्र वास कोंडतो, करडांना खोकला आणि फुप्फुसाचे आजार होतात आणि संकरित होल्स्टीन गाय तर धापा टाकत दुधाला उतरते. म्हणून बंद गोठा म्हणजे भिंतींचा गोठा असे मी म्हणत नाही. खाली कमरेएवढी भिंत, तिच्या वर छतापर्यंत जाड तारेची वेल्डेड जाळी, छत आणि जाळी यांच्यात फट नाही, आणि दाराला आतबाहेर हलणार नाही अशी कडी, एवढे पुरते. वारा खेळतो, उजेड येतो आणि पंजा आत जात नाही. जाळीची उंची अर्धवट सोडली तर उपयोग नाही, कारण बिबट्या चढतो आणि उडीही मारतो. सध्या लोकप्रिय झालेल्या मुक्तसंचार गोठ्यांत नेमके हेच होते. कुंपण पुरुषभर उंच, पण वर आभाळ. मोठ्या गाई-म्हशींना त्याने फारसे बिघडत नाही, मात्र वासरांचा कप्पा त्याच आवारात उघडा असेल तर ते कुंपण वासराला कोंडून ठेवते, बिबट्याला अडवत नाही. अर्धवट बंद जागा काही वेळा उघड्यापेक्षा वाईट ठरते. एकदा आत शिरलेल्या बिबट्याने भेदरून धावणाऱ्या साऱ्या शेळ्या मारल्या, असे घडते ते अशाच ठिकाणी. सगळी दावण बंद करण्याची मात्र गरज नाही. बैल, दुभती म्हैस, मोठी गाय बाहेर राहू दे. दहा शेळ्या आणि दोन-तीन वासरे मावतील एवढा कोपरा घट्ट केला तरी बराचसा धोका टळतो.

आता पैशाची गोष्ट. दोन-चार शेळ्यांवर घरखर्च आणि मुलांची फी भागवणाऱ्या बाईला जाळी घ्या, दार बसवा असे सांगणे सोपे आहे. ती पैसे कुठून आणणार, हे सांगणाऱ्याने सांगितले पाहिजे. सध्याची सरकारी मदत येते ती जनावर मेल्यानंतर. 2022 मध्ये वाढवलेल्या दरांनुसार गाय, म्हैस किंवा बैल मेला तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये यांतली कमी रक्कम, शेळी-मेंढीसाठी 75 टक्के किंवा 15 हजार यांतली कमी. त्यासाठी 48 तासांत वन विभागाला कळवायचे, मेलेले जनावर पंचनाम्यापर्यंत हलवायचे नाही. बिबट्याने भक्ष्य उसात ओढून नेले आणि सापडलेच नाही, तर पुरावा कसला दाखवायचा? गाभण शेळीच्या पोटातल्या करडांचा, बंद झालेल्या दुधाचा हिशेब तर या रकमेत कुठेच नाही. भरपाई हवीच, वाढायलाही हवी. पण नुकसान होण्याआधी खर्च करायला हरकत कोणती? राज्यात 2021 पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला 77,188 रुपये आणि दहा शेळ्यांच्या शेडला 49,284 रुपये ठरवून दिले गेले. गोठ्याच्या आराखड्यात गव्हाण किती लांब, मूत्रसंचय टाकी किती लिटरची, पाण्याची टाकी किती लिटरची, हे सगळे लिहिलेले आहे. एवढ्या बारकाईने केलेल्या अंदाजपत्रकात ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांसाठी वासरांच्या कोपऱ्याची जाळी आणि मजबूत दार यांची ओळ सक्तीची करणे काही अवघड नाही. ज्यांचा गोठा आधीच उभा आहे त्यांना नुसती जाळी आणि दार मिळाले तरी चालेल.

शेतकऱ्याने का भोगायचे, बिबटे पोसायची हौस सरकारला आहे तर सरकारने बघावे, असा रागाचा सूर गावोगाव ऐकू येतो. तो राग मी चुकीचा मानत नाही. बिबट्याला 1972 च्या कायद्याने कठोर संरक्षण दिले, तर त्याची किंमत एकट्या शेळीवालीने का मोजावी? म्हणूनच ही सोय अनुदानातून व्हावी असे म्हणतो. उसावर उभ्या असलेल्या संस्थांचाही यात वाटा आहे. साखराळ्याचा राजारामबापू कारखाना असो की परिसरातले इतर कारखाने, ज्या फडात बिबट्या राहतो तोच त्यांचा कच्चा माल आहे. इथले दूध संघ वासरांच्या संगोपनावर बोलतात, पशुखाद्य पुरवतात. वासरू जगले तरच पुढची गाय मिळेल, म्हणून जाळीसाठी बिनव्याजी उचल देऊन ती दुधाच्या बिलातून वळती करणे त्यांना सहज जमण्यासारखे आहे. आणि ज्यांना गोठाच नाही त्या ऊसतोड मजुरांचे काय? ते बैल आणि शेळ्या घेऊन येतात, फडाच्या कडेला कोप्या टाकतात आणि तिथेच मुले झोपतात. त्यांच्या तळाला पक्के कुंपण, दिवे आणि जनावरांसाठी उचलून नेता येईल असा जाळीचा पिंजरा देणे ही सरळसरळ कारखान्याची जबाबदारी आहे.

काही गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण त्या आपण करत नाही. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा उसाच्या बांधावर टाकणारे पोल्ट्रीवाले, व्यालेल्या गाईची वार उकिरड्यावर फेकणारी घरे आधी कुत्र्यांना बोलावतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ते खोल खड्ड्यात पुरलेच पाहिजे. राखणीला म्हणून गोठ्याच्या दाराशी साखळीने बांधलेले कुत्रे रात्री राखण करत नाही, आमिष होते. त्यालाही आत घ्यावे. वैरण कापायला दिवस मावळताना फडाच्या कडेला वाकून बसणे टाळावे, कारण वाकलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. आणि घाबरून कुंपणात थेट घरातली वीज सोडणे हा तर गुन्हाच आहे. त्या तारेला पहाटे धारेला निघालेली सूनही चिकटू शकते. सौर झटका यंत्र वेगळे, त्याचा झटका क्षणभराचा असतो आणि तो जीव घेत नाही. पण तेही गोठ्याच्या दाराची जागा घेऊ शकत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की एकामागून एक फड मोकळे होतात आणि आडोसा गेलेले बिबटे वस्त्यांच्या आणखी जवळ येतात. तेव्हा जाळीची कामे दिवाळीच्या आत व्हायला हवीत. पंचायत समितीने वन विभाग, पशुवैद्यकीय दवाखाने आणि दूध संकलन केंद्रे यांच्याकडून आधीच्या हल्ल्यांची गावनिहाय नोंद मागवून, ज्या वस्त्यांवर हल्ले वारंवार झाले त्यांना यादीत पहिले ठेवावे. त्या यादीत जमीन नसलेल्या आणि नावावर गोठा नसलेल्या शेळीवाल्या बायकांची नावे राहून जाता कामा नयेत, कारण सातबारा नसला की अर्ज बाद होतो आणि सगळ्यात उघडी शेळी बहुधा त्यांच्याच दारात बांधलेली असते.