ॲम्प्लिफायर घूं घूं करतो? पिन काढू नका!



१४ एप्रिल जवळ आला की माळ्यावरचा ॲम्प्लिफायर खाली येतो. सकाळी वंदना, मग वामनदादांची गाणी लावायची म्हणून मुले मोबाईल जोडतात, आणि गाण्याआधीच घूं असा आवाज सुरू होतो. मग घरातला कोणी जाणकार प्लगची जाड पिन काढून टाकतो, नाहीतर प्लगच कापून दोन वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचतो. आवाज थांबतो. सगळे खूश.

असा जाणकार मीही एकदा झालो होतो, बहिणीच्या घरी. दुसऱ्या दिवशी भाची ओल्या हाताने आवाज कमी करायला गेली आणि झटका बसून मागे पडली. वाचली. आतली फेजची वायर पत्र्याला टेकली होती.

ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. फेज पत्र्याला लागली तर करंट त्या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन काढली की वाट बंद. मग २३० व्होल्ट त्या पत्र्यावरच राहतात; हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातात.

मग घूं घूं घालवायची कशी? ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा, पुन्हा चालू करा. आवाज गेला तर दोष वायरीत किंवा जोडलेल्या वस्तूत. बहुतेक वेळा वायरीच्या टोकाशी बाहेरची जाळी तुटलेली असते, वायर बदला. मोबाईल चार्जिंगला असेल तर चार्जर काढून बघा, पुष्कळांचे दुखणे तिथेच संपते. टीव्ही जोडल्यावरच आवाज येत असेल तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरी येतो? मग केबलवाल्याची वायर टीव्हीतून काढून बघा.

सगळे काढूनही, आवाज शून्यावर ठेवूनही घूं चालूच असेल, तर आतला फिल्टरचा कंडेन्सर बाद झालेला असू शकतो. तो मेकॅनिककडेच न्या. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो, म्हणून झाकण उघडू नका.

बॉडीला हात लागताच मुंग्या येत असतील तर लगेच बटण बंद करून प्लग काढा. खोलीला अर्थिंग नसेल किंवा तुटले असेल. जुन्या चाळीत हे सर्रास आढळते. वायरमनकडून नीट अर्थिंग करून घ्या. सॉकेटमध्येच अर्थिंग न्यूट्रलला जोडून देणारेही भेटतात. त्यांना चहा पाजा, पण काम देऊ नका. न्यूट्रल तुटली की फेज थेट बॉडीवर येते.

जयंतीला शेजाऱ्यांचे डबे आणून जोडतात, त्याबद्दल थोडे. ८ ओहमचे दोन डबे एकाच टर्मिनलला लावले की ४ ओहमचा भार होतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ८ लिहिले असेल तर तो तापून बसतो. लाल टोक लालला, काळे काळ्याला. एक डबा उलटा लागला तर ढोलकीचा ठेका पोकळ वाटतो. वायरी जोडताना प्लग काढलेला असावा.

फ्यूज उडाला तर पाठीवर लिहिलेल्या ॲम्पिअरचाच घाला. तोही लगेच उडाला तर तिसरा घालू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर मुळीच गुंडाळू नका.