दुर्बीण पुण्यात, काळोख परभणीत

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, नेहरू तारांगण १९७७ साली उभे राहिले आणि १९८८ साली पुण्यात आयुका आली. शास्त्रज्ञांनी सामान्य श्रोत्यांपुढे बोलावे, हौशी निरीक्षकांनी एकत्र जमून आकाश न्याहाळावे, ही परंपरा अशा संस्थांनी महानगरांत रुजवली. तिचे मोल कोणीही नाकारणार नाही. विज्ञान परिषदेने महाराष्ट्रात ठिकठिकाणी विभाग काढले, हेही खरे. तरीसुद्धा लोकलच्या तिकिटात जे व्याख्यान मुंबईकराच्या पदरी पडते, त्यासाठी परभणीच्या विद्यार्थ्याला रात्रभर रेल्वेत बसावे लागते. विसंगती अशी की, महानगरांच्या झगमगाटात तारे बुडाले आहेत आणि ते स्वच्छ दिसतात जिंतूर-पालमच्या शिवारातून!

परंतु काळोख केवळ आकाशाचा नसतो. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस याच जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रिया व बालिकांच्या हत्यांचे सत्र सुरू झाले. ते १९७४ च्या आरंभापर्यंत चालले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या लोभाने नरबळी दिल्याच्या आरोपाने सारा महाराष्ट्र हादरला. हा दोष विद्यापीठाचा नव्हे. मात्र विज्ञानाची इमारत उभी राहिली म्हणजे विज्ञानाची दृष्टी घरोघरी पोहोचत नाही, हा त्यातील धडा आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. कर्तव्य सर्वांना सारखे. ते पार पाडण्याची साधने मात्र मूठभर शहरांत! ही समता कोणत्या जातीची?

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने कलाजथ्यांच्या रूपाने विज्ञान खेडोपाडी नेले. परभणीतही हे अशक्य नाही. विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. त्या शाळांची दारे महिन्यातून एका संध्याकाळी गावासाठी उघडावीत. तेथे सोप्या मराठीत व्याख्यान व्हावे आणि अंगणात एक दुर्बीण असावी. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या मुलालाही तीतून शनीची कडी पाहता यावी. हौस ही फुरसत असलेल्यांचीच मिरास का राहावी?

आणि वक्त्याने केवळ बोलू नये, ऐकावेही. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी का उलटली, हे विचारणारा कापूस उत्पादक हाही जिज्ञासूच आहे. त्याच्या प्रश्नाला सभेत मान मिळेल, तेव्हाच विज्ञान लोकांचे होईल. शहराने खेड्यावर करावयाचा हा उपकार नव्हे; हा खेड्याचा हक्क आहे आणि तो संघटितपणे मागितला पाहिजे.