डिलीटच्या बटणावरचं बोट

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचनंतर लीगल डिपार्टमेंटकडून आलेली मेल कोणालाच नको असते. वर 'कॉन्फिडेन्शियल', आत पाच परिच्छेद वकिली इंग्रजी, आणि सगळ्याचा अर्थ एवढाच की अमुक लोकांचा, अमुक काळातला डेटा आहे तसा ठेवा, काहीही पुसू नका. यालाच म्हणतात लीगल होल्ड. कंपनीवर केस पडली, किंवा पडणार अशी चिन्हं दिसली, की ही मेल येते. हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत बसून अमेरिकन क्लायंटची सिक्युरिटी सांभाळणाऱ्या मंडळींना तर ती हमखास येते. केस न्यूयॉर्कमध्ये, पण लॉग आणि लॅपटॉप आपल्या ताब्यात!

यावर टीममधली पहिली प्रतिक्रिया ठरलेली. 'आपण कुठे काय डिलीट करतो? ठेव बाजूला, सोमवारी बघू.'

खरी गोची इथेच आहे, राव. डिलीट माणूस करतच नाही, सिस्टिम करते. जुनी मेल अमुक दिवसांनी उडते, फायरवॉलचे लॉग फिरत राहतात, सीसीटीव्हीचा डीव्हीआर भरला की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं. नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन नव्या जॉइनीच्या बॅगेत जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर खातं काढून टाकलं आणि होल्ड लावलेला नसला, तर मेलबॉक्स ३० दिवसांनी कायमचा जातो. तुम्ही शनिवार-रविवार लोणावळ्याला मजा करत असता, आणि इकडे पुरावा शांतपणे पुसला जात असतो.

गूगलचंच घ्या ना. 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने २०२० च्या ऑगस्टमध्ये गूगलवर केस केली. गूगलच्या ऑफिसात जे चॅट चालायचं, त्यात हिस्टरी बंद असेल तर मेसेज २४ तासांत गायब व्हायचे. केस आली, होल्ड निघाला, पण हिस्टरी चालू करायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलं. म्हणजे विद्यार्थ्यांना सांगायचं, पेपर तुम्हीच तपासा! न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी मार्च २०२३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केस ज्युरीसमोर संपत आली, तेव्हा त्यांनी ज्युरीला सांगितलं की गेलेल्या चॅटमध्ये गूगलच्या विरोधातलं काही असेल, असं तुम्ही मानू शकता. ज्युरीने निकाल एपिकच्या बाजूने दिला. केसमध्ये बाकी मुद्दे भरपूर होते, पण एका सेटिंगने एवढी नाचक्की व्हावी?

त्यामुळे होल्ड आला की पहिला प्रश्न 'काय शोधायचं' हा नसतोच. 'कुठलं घड्याळ आधी थांबवायचं' हा असतो. जे सगळ्यात लवकर पुसलं जातं ते आधी. चॅट, सीसीटीव्ही, लॉग. मग मेल, मग लॅपटॉप आणि मोबाइल. बॅकअप टेप सगळ्यात शेवटी आठवतात आणि तिथेच घात होतो. यूबीएस वॉरबर्ग या बँकेवर लॉरा झुबुलेक या बाईंनी २००२ मध्ये भेदभावाची केस केली. कंपनीने सुमारे १०० पानं ई-मेल कोर्टात दिली. बाईंनी स्वतःकडची काढली, ती भरली सुमारे ४५० पानं! उरलेली शोधताना लक्षात आलं की काही टेप गायब आहेत, आणि वकिलांनी बजावूनही काही मेल उडवल्या गेल्यात. न्यायाधीश शिरा शायंडलिन यांनी २००४ मध्ये वकिलांनाही सुनावलं. नुसती सूचना देऊन भागत नाही, ती पाळली जातेय की नाही हेही बघायला हवं होतं. २००५ मध्ये ज्युरीने बाईंना २.९ कोटी डॉलरच्या वर भरपाई दिली. आज जगभर होल्डच्या ज्या मेल फिरतात, त्यांच्यामागे ही एक केस आहे.

हं, पण घड्याळ थांबवण्याआधी एक फोन करा. मेल खरी आहे का? वकिलाच्या नावाने घाबरवणारी मेल पाठवून लिंकवर क्लिक करायला लावणं हा फिशिंगवाल्यांचा जुना धंदा आहे. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नंबरवर करा. दोन मिनिटं लागतात.

त्याच फोनवर विचारून घ्या की माणसं कोण, तारखा कुठून कुठपर्यंत, कुठल्या सिस्टिम, आणि त्या माणसांना हे माहीत आहे की नाही. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. कधी होल्ड गुपचूप लावायचा असतो, आणि यादीत नाव असतं थेट तुमच्या व्हीपीचं. नाहीतर ज्याच्या हातात ॲडमिनचा पासवर्ड आहे त्याचंच! त्याच्याच चोरीचा माल त्याच्याच कपाटात ठेवून कसं चालेल? अशा वेळी होल्ड लावणारा माणूस वेगळा हवा, आणि लीगलला हे सिक्युरिटीवाल्यानेच सांगायला हवं. त्यांना कुठून कळणार, ॲडमिन कोण आहे ते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात व्हायरस लागलेल्या मशीनवरून. सिक्युरिटीवाल्याची नैसर्गिक प्रवृत्ती म्हणजे पुसा, नव्याने इन्स्टॉल करा, पुढे चला. लीगल म्हणतं हात लावू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधला रस्ता आहे तो असा : मशीन नेटवर्कपासून तोडा, डिस्कची हुबेहूब प्रत काढा, तिची हॅश व्हॅल्यू नोंदवा, आणि ती डिस्क कोणाकडून कोणाकडे किती वाजता गेली याचा कागद ठेवा. त्यानंतर मशीन पुसायचं की नाही ते लीगलला लेखी विचारा. तासा-दोन तासांचं काम वाढतं. चिडचिड होते. होऊ दे.

आणि ही हॅश फक्त अमेरिकेचं फॅड नाही बरं का. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यातच हॅश व्हॅल्यूची जागा आहे. खाली सही असते माणसाची, डिपार्टमेंटची नाही. हे प्रमाणपत्र किती रडवतं ते जालन्याला विचारा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज दुपारी ३ नंतर भरला गेला की आधी, यावरून केस उभी राहिली. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, पण मागून मागून कोणी प्रमाणपत्र देईना! हायकोर्टाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की प्रमाणपत्र हवंच, मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळालंच नाही तर त्या माणसाला सूट. त्याच निकालात मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांनाही बजावलं की तपासात लागलेले कॉल रेकॉर्ड वेगळे काढून सुरक्षित ठेवा. हा एक प्रकारचा होल्डच झाला की.

'पण आम्ही सर्टइनच्या नियमाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवतो' असं कोणी सांगितलं, तर त्याला चहा पाजा. एप्रिल २०२२ चा तो आदेश सायबर सुरक्षेसाठी आहे. आपल्याकडची केस १८० दिवसांत नीट उभीही राहत नाही.

आता नाजूक भाग. माझा एक मित्र पुण्यातल्या एका कंपनीत रात्रपाळीला असतो. होल्ड आल्यावर दोन दिवसांनी त्याला मॅनेजरचा फोन आला.

'अरे, तो लॅपटॉप उगाच पडलाय. नवीन मुलीला देऊन टाक फॉरमॅट मारून.'

'सर, तो होल्डच्या यादीत आहे.'

'त्यात काही नाहीये रे. मी बघितलंय.'

'ठीक आहे सर, एवढं मेलवर टाकता का? लीगलला सीसी करून.'

मेल काही आली नाही. लॅपटॉप कपाटातच राहिला. मित्राला त्या वर्षी अप्रेझलमध्ये 'टीम प्लेअर नाही' असं ऐकावं लागलं, आणि त्याचा त्याला अजूनही राग आहे. मला विचाराल तर सौदा स्वस्तात सुटला. कोर्टात पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल असा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड जाणूनबुजून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लॉगमध्ये नाव फॉरमॅट मारणाऱ्याचं येतं. तोंडी सांगणाऱ्याचं नाही.

उलटा मोहही असतो. हातात सगळ्यांच्या मेलबॉक्सची किल्ली आलीय, तर बघू तरी साहेबांनी काय लफडं केलंय! नको. जपून ठेवायला सांगितलंय, वाचायला नाही. वकील आणि साहेब यांच्यातल्या मेलना कायद्याचं वेगळं संरक्षण असतं, आणि तुम्ही कधी काय उघडलं त्याचाही लॉग राहतो. ग्रुपवर 'आपले लोक गेले कामातून' वगैरे जोक तर अजिबात टाकू नका. तो जोकही उद्या होल्डखाली येऊ शकतो, आणि वकिलाने कोर्टात वाचून दाखवलेला जोक फारसा हसवत नाही.

राहता राहिला होल्ड उठवणं. लावताना सगळे धावतात, उठवताना कोणी नसतं. मग सर्व्हर रूमच्या कपाटात 'डू नॉट टच' लिहिलेल्या हार्ड डिस्क साचतात, ज्यांनी लिहिलं ते कंपनी सोडून गेलेले असतात, आणि पुसायची हिंमत कोणाचीच होत नाही. लोकांचा खासगी डेटा उगाच वर्षानुवर्षं दाबून ठेवणं हेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या काळात बरं नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी लीगलला एक ओळ पाठवायची : अमुक नंबरचा होल्ड अजून चालू आहे का? उत्तर लेखी आलं, तर डिस्कवरच्या चिठ्ठीवर तारीख टाकायची. नाही आलं, तर पुढच्या सोमवारी तीच ओळ पुन्हा.