राळेगण राशीनच्या आधी का येतं?

राजूर, राळेगण सिद्धी, राशीन, राहाता, राहुरी. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली ही पाच गावं युनिकोडच्या नंबरांप्रमाणे लावली की ह्या क्रमाने येतात, आणि बहुतेक प्रोग्रामरांना त्यात काही खटकत नाही! शाळेत मात्र आपण सगळ्यांनी "श ष स ह ळ क्ष ज्ञ" घोकलंय. त्या हिशोबाने राळेगण राहुरीच्याही नंतर, शेवटी यायला हवं.

"यादी येतेय ना? मग क्रमाचं काय एवढं?" हे मी बऱ्याच मीटिंगांमध्ये ऐकलंय. एवढंच की, पतसंस्थेची सभासद यादी छापून काउंटरवर जाते. मागे रांग, कारकून बोट फिरवत खाली येतोय. काळे हे नाव तो कासारच्या पुढे शोधतो, आणि यादीत ते काशिदच्याही आधी बसलेलं असतं. "तुमचं नाव नाही, साहेब आल्यावर या." गडी एसटीने आलेला, त्याची दिवसाची मजुरी बुडाली. स्क्रीनवर सर्च असतो हो, कागदावर नसतो.

युनिकोडने देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की ह्या भारतीय प्रमाणावरून घेतला. इस्कीला सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या, म्हणून ळ गेला ल च्या शेजारी. तो नुसता नंबर आहे. वर्णमाला सांभाळणं हे कोलेशनचं काम, आणि युनिकोडच्याच सीएलडीआरमध्ये मराठीसाठी ळ ला ह नंतर ठेवणारा क्रम लिहिलेला आहे. डॉट नेट ५ पासून (२०२०) आयसीयूमार्फत तो वापरता येतो. पण वेब फॉर्म्स तिकडे गेलंच नाही, ते जुन्या फ्रेमवर्कवरच राहिलं. आणि अशी ॲप्लिकेशनं अजून ढिगाने चालू आहेत.

ह्या ॲप्लिकेशनांमध्ये क्रम दोन ठिकाणी लागतो, खरी गोम तिथे आहे. पान उघडताना एसक्यूएल सर्व्हरचं ऑर्डर बाय चालतं, म्हणजे कॉलमचं कोलेशन. ग्रिडव्ह्यूच्या हेडरवर क्लिक केलं की बऱ्याचदा डेटाव्ह्यू मेमरीतच सॉर्ट करतो. तो बघतो डेटाटेबलच्या लोकेलकडे, आणि ते आपण दिलं नसेल तर चालू कल्चरवरून येतं. मग माझ्या मशीनवर एक क्रम, सर्व्हरवर दुसरा, आणि क्लिक केल्यावर तिसराच. तेव्हा आधी क्रम नक्की कोण लावतंय ते शोधा, कोड नंतर उघडा.

माझं मत विचाराल तर ग्रिडमध्ये ठिगळं लावू नयेत. टेबलात क्रमासाठी वेगळा कॉलम करावा, बायनरी कोलेशनचा. नाव सेव्ह होतानाच त्यात त्याची प्रत टाकावी, फक्त ळ च्या जागी ह आणि काना यांच्या मधल्या नंबरचं, मराठीत न लागणारं एखादं चिन्ह घालून. सगळीकडे ह्याच कॉलमवर सॉर्ट करायचं, हेडरच्या क्लिकलासुद्धा. दिसायला गावठी उपाय आहे, पण सर्व्हर बदलला तरी क्रम हलत नाही.

त्याच वेळी ऱ पण एकसारखा करून घ्यावा. कोऱ्हाळे हे गाव कुणी थेट ऱ वापरून टाइप करतं, कुणी र ला हलंत आणि वर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बायनरी तुलनेत मात्र दोन वेगळी गावं! रिपोर्टमध्ये एकाच गावाच्या दोन बेरजा दिसल्या तर हे आधी तपासा.

डेटा युनिकोडच्याही आधीचा, फॉन्टच्या आकारांच्या कोडमध्ये ठेवलेला असेल तर आणखीच मजा. तिथे पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधीच साठवलेली असते. त्यामुळे किसन, विठ्ठल, शिवाजी सगळे एकाच गठ्ठ्यात. तो डेटा युनिकोडमध्ये आणेपर्यंत सॉर्टिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

राहिला क्ष. त्याला क मध्ये ठेवायचं की अगदी शेवटी, हे यादी वापरणाऱ्या कारकुनाला विचारा. तो जिथे शोधतो तिथे ठेवा.