माथेरान राखायचे ते कोणासाठी?

माथेरान आपल्याच कर्जत तालुक्यातले. निसर्गप्रेमींच्या पाठपुराव्यामुळे 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने हा डोंगर व भोवतालचा मिळून सुमारे 215 चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, बांधकामांना लगाम घातला. उत्तमच झाले. पण वाहनबंदीचे कौतुक करताना माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा आपण निमूटपणे पाहत राहिलो. ई-रिक्षा मागितली ती त्या ओढणाऱ्यांनीच. डिसेंबर 2022 मध्ये ती प्रयोगादाखल धावली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. या रिक्षेतच डोंगराचा नाश पाहणाऱ्यांशी माझे पटत नाही. खरे भय झाडीत शिरणाऱ्या बेकायदा बांधकामांचे आणि पायथ्याशी नेरळकडे उठणाऱ्या इमारतींचे आहे. त्यांच्याविरुद्ध कोणी अर्ज फिरवला तर माझी सही पहिली. रिक्षावाल्याविरुद्ध मात्र नाही.