कॉकपिट विकत आणावं का?



मुलांना विमानाचं मॉडेल किट आणून देणारे पालक हल्ली भेटतात. छानच आहे. पण किटबरोबर कॉकपिटचे वेगळे, जास्तीचे भागही मागवले जातात. पितळी पत्र्यातून आम्लाने कोरलेला रंगीत डॅशबोर्ड, रेझिनमध्ये ओतलेली खुर्ची, तिचे पट्टे. चेक देशातली एडुआर्ड ही कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. कधी कधी हे भाग मूळ किटइतकेच महाग पडतात. मुलाने किट जोडायच्या आधीच ते आणून द्यावेत का? माझं मत, नाही.

मिग-२१ चंच घ्या. आपल्या नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमानं बांधली गेली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने त्यांना निरोप दिला. पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १:४८ या प्रमाणात ती साधारण १५ सेंटिमीटर होते. हा भागाकार चौथी-पाचवीचं पोर करतं. मग त्याला विचारा, खरी तबकडी ८ सेंटिमीटरची असेल तर मॉडेलमध्ये केवढी? दीड मिलिमीटरपेक्षा जराशी मोठी! पेन्सिलीने तेवढा गोल काढायला सांगा. प्रमाण म्हणजे काय ते मग वेगळं शिकवावं लागत नाही.

आतला रंग हिरवट निळा, मोरपिशीकडे झुकणारा. निळ्यात हिरवा किती आणि पांढरा किती, हे मुलाने फोटो समोर ठेवून चार वेळा मिसळून बघावं. छापील रंगाचा पत्रा चिकटवला की हे सगळं हुकतं. डॅशबोर्डवर मधोमध एक उभी पांढरी रेघ दिसते. ती कशाला? विमान गिरक्या खात खाली येऊ लागलं तर कंट्रोलचा दांडा नेमका मधे आणता यावा म्हणून वैमानिकासाठी केलेली ती खूण. ती रेघ स्वतः ब्रशने ओढणारं मूल हा प्रश्न विचारतंच. विकतच्या पत्र्यावर ती आधीच असते, त्यामुळे बहुतेकदा नजर तिच्यावरून पुढे जाते.

खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापूनही होतात. थोडे वाकडे होतील, होऊ द्या.

विकतचे भाग वाईट असतात असं मी म्हणत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला, मूल स्वतःच "किटमधली खुर्ची खऱ्यासारखी नाही" म्हणायला लागलं, की जरूर आणा. तोवर त्याची नजर तयार झालेली असते. मात्र एक सांभाळा. धातू आणि रेझिनला प्लॅस्टिकचा सिमेंट धरत नाही, झटपट चिकटणारा गोंद लागतो. रेझिन कापणं-घासणं मोठ्यांनीच करावं, मास्क लावून आणि भाग ओला करून, कारण ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. थोडक्यात, जितके महाग भाग, तितकं काम बाबांच्या हातात जातं. मूल बाजूला बसून बघतं.

आणि आपल्या शिक्षकांसाठी. प्रदर्शनात दोन मॉडेल शेजारी ठेवलेली असतात. एक चकाचक, दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये रंग थोडा ओघळलेला. गुण देण्याआधी दोन्ही मुलांना एवढंच विचारा, "ही पांढरी रेघ कशाची रे?"