गोड ई-मेलवर पसंतीयादी बदलू नये

फेब्रुवारीत पुण्या-मुंबईतल्या, नागपुरातल्या अनेक तरुण डॉक्टरांचं लक्ष सतत मोबाइलकडे लागलेलं असतं. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठीच्या त्यांच्या मुलाखती जानेवारीअखेर उरकलेल्या असतात. २०२० च्या साथीपासून त्या बहुतांशी ऑनलाइन होतात. न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजतात तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे दिवसभराची ड्युटी संपवायची, तोंडावर पाणी मारायचं, कोट-टाय चढवायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसायचं. निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. तोवर जीव टांगणीला, आणि अशात एखाद्या प्रोग्रॅम डायरेक्टरचा ई-मेल येऊन थडकतो : तुमच्याशी बोलून आनंद झाला, तुम्ही आमच्या विभागात छान रुळाल, आमच्या यादीत तुम्हाला बरंच वरचं स्थान आहे. घरात पेढे आणायचेच काय ते बाकी राहतं.

या ई-मेलला कसलंही बंधन नाही. तो पाठवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी आपली यादी बदलली, तरी त्याला जाब विचारता येत नाही. उमेदवाराने मात्र त्यावर विसंबून आपली पसंतीयादी फिरवली, तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं. म्हणूनच मुलाखतीनंतरची ही गोडीगुलाबी थांबायला हवी, आणि ती थांबवण्याची पहिली जबाबदारी प्रोग्रॅमची आहे.

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ नावाच्या पद्धतीने भरल्या जातात. उमेदवार आपल्याला हवे ते प्रोग्रॅम क्रमाने लिहितो, प्रोग्रॅम आपल्याला हवे ते उमेदवार क्रमाने लिहितात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. १९५२ मध्ये ही पद्धत सुरू झाली ती हौसेने नव्हे, तर अनागोंदीला कंटाळून. १९४० च्या दशकात इंटर्न कमी आणि जागा जास्त अशी स्थिती होती. रुग्णालयं विद्यार्थ्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी गाठून ठेवू लागली. १९४५ मध्ये महाविद्यालयांनी ठरलेल्या तारखेआधी विद्यार्थ्यांची माहिती न देण्याचं ठरवलं, तेव्हा घाईचा रोख वळला उत्तराच्या मुदतीवर. १९४९ मध्ये असा प्रस्ताव आला, की १५ नोव्हेंबरला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने तारा पाठवाव्यात आणि विद्यार्थ्याला उत्तरासाठी दुपारी बारापर्यंतचा वेळ द्यावा. रुग्णालयांच्या संघटनेला हे बारा तासही जास्त वाटले! विशीतल्या विद्यार्थ्याने हातात तार घेऊन, फोनवर दरडावणाऱ्या रुग्णालयाला आयुष्याचा निर्णय तिथल्या तिथे सांगायचा, अशी तेव्हाची रीत होती. मॅच आली ती या दडपणातून विद्यार्थ्याला सोडवायला.

आणि ती गणिताच्या पायावर उभी आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये अशा जुळवणीचा सिद्धान्त मांडला. अॅल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी मॅचची गणनपद्धत नव्याने बांधली, ती १९९८ पासून वापरात आहे. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. सध्याच्या पद्धतीत सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते, आणि तिथेच सगळी मेख आहे.

समजा, मिरजेच्या एका मुलीला मनापासून शिकागो हवं आहे, डेट्रॉइट दुसऱ्या क्रमांकावर आहे. डेट्रॉइटहून गोड ई-मेल आला, शिकागो गप्प. घाबरून तिने डेट्रॉइट वर नेलं. आता डेट्रॉइटने तिला घेतलं, तर शिकागोने तिला आपल्या यादीत अगदी वर ठेवलं असलं तरी ती जागा तिच्या हातून गेली. उलट तिने शिकागोच वर ठेवलं असतं आणि शिकागोने तिला घेतलं नसतं, तर संगणक तिला घेऊन डेट्रॉइटकडे गेला असता. तिथल्या जागा तोवर तात्पुरत्या भरलेल्या असल्या तरी डेट्रॉइटच्या यादीत तिच्या खाली असलेला उमेदवार बाजूला झाला असता आणि ती आत गेली असती. म्हणजे आधी शिकागो मागितल्याने डेट्रॉइटवरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. मनातला खरा क्रम लिहिणं हाच सर्वात सुरक्षित मार्ग आहे.

हे माहीत असूनही माणसं बधतात. ‘अॅकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात २०१२ मध्ये अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांची एक पाहणी छापून आली होती. मुलाखतीनंतरच्या पत्रव्यवहारामुळे आपली यादी बदलल्याचं त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्श्याने सांगितलं. ‘तुमची जागा पक्की’ अशा थाटाचं आश्वासन मिळालं, तो प्रोग्रॅम पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि तरीही तिथे जागा मिळाली नाही, असेही त्यात होते. कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच.

तिथे वाढलेल्या, सल्ला द्यायला प्राध्यापक हाताशी असलेल्या मुलांची ही गत, तर परक्या देशातून अर्ज करणाऱ्यांचं काय? मार्च २०२५ च्या मॅचमध्ये ४३,२३७ जागा होत्या. अमेरिकी एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना जागा मिळाली, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी फक्त ५८ टक्क्यांना. दहातले चार जण रिकाम्या हाताने उरणार असतील, तर एका आपुलकीच्या वाक्यावर माणूस हुरळून जाणारच. हे प्रोग्रॅमवाल्यांना कळत नाही असं नाही. यादीत फार खाली न जाता जागा भरल्या, हे मिरवायला त्यांना आवडतं. त्यासाठी कोण नक्की येणार, याचा अंदाज त्यांना हवा असतो.

नियम अगदीच ढिले नाहीत. तुम्ही आम्हाला कितवा क्रमांक देणार, आणखी कुठे मुलाखती दिल्या, असं प्रोग्रॅमने उमेदवाराला विचारायचं नाही. उमेदवाराने आपणहून सांगितलं तर हरकत नाही. पळवाट आहे ती इथेच. प्रोग्रॅम विचारत नाही, नुसतं कौतुक करतो, आणि समोरचा बिचारा आपणहून सगळं ओकतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांना हा खेळ पूर्णपणे नवा असतो. इथे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजीचे गुण आणि राज्याच्या सीईटी सेलची किंवा केंद्राच्या एमसीसीची प्रवेशफेरी. मुलाखत नाही, आभारपत्र नाही. गेल्या वर्षीचा कट-ऑफ बघून ‘मिळण्यासारखं’ काय आहे याचा हिशेब करायची सवय मात्र पक्की असते, आणि मॅचमध्ये नेमकी तीच सवय घात करते. त्यात सल्लागार मंडळी पत्रांचे तयार मसुदे हातात देतात. मग एकच उमेदवार पाच ठिकाणी ‘माझी पहिली पसंती तुम्हीच’ असं लिहून मोकळा होतो. हे सरळसरळ खोटं आहे. एकेका शाखेचं जग लहान असतं, डायरेक्टर मंडळी एकमेकांना ओळखतात. पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयातून येणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो अविश्वास येतो.

लिहायचंच असेल तर असं पत्र एकाच ठिकाणी जावं, आणि ते खरं असावं. पाच-सात ओळी पुरतात : हाच प्रोग्रॅम का, आणि मुलाखतीनंतर काही नवं घडलं असेल तर ते. अमेरिकी परवाना परीक्षेतली स्टेप थ्री उत्तीर्ण झाल्याची बातमी कळवण्यासारखी असते, कारण एच-वन-बी व्हिसासाठी ती परीक्षा लागते. व्हिसाबद्दलची शंका तर कोऑर्डिनेटरला बेधडक विचारावी. तो कामाचा प्रश्न आहे, लाचारी नव्हे. पत्र पाठवू नका असं ज्यांनी सांगितलंय, त्यांना मात्र आभाराचंही पाठवू नये.

घरच्यांसाठीही एक सूचना. मॅचच्या आठवड्यात सोमवारी जागा मिळाली की नाही एवढंच कळतं. ज्यांना मिळाली नाही, त्यांच्यासाठी उरलेल्या जागांची ‘सोप’ ही फेरी असते. तिच्यात प्रोग्रॅमने स्वतः संपर्क साधेपर्यंत उमेदवाराने फोन करायचा नाही, ई-मेल पाठवायचा नाही, आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीही नाही. न्यू जर्सीतल्या मामांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे शब्द टाकला, तर तो नियमभंग ठरू शकतो आणि भोगावं लागतं भाच्याला. पुढच्या मॅचला मुकण्याइतकी शिक्षा होऊ शकते.

आवड कळवण्याची सरळ वाट तर आता तयारच आहे. २०२१ च्या मॅचपासून कान-नाक-घसा शाखेने ‘सिग्नल’ची पद्धत सुरू केली : अर्जासोबतच ठरावीक प्रोग्रॅमना ‘तुमच्याकडे यायची खास इच्छा आहे’ असं कळवायचं. नंतर इतर शाखांनीही ती उचलली, ऑर्थोपेडिक्सने तर असे तीस सिग्नल दिले. सिग्नल मुलाखतीआधी जातात, मोजके असतात आणि सर्वांना सारखे मिळतात. मग मुलाखतीनंतरच्या पत्रांची गरज कुणाला उरली? मुलाखतीनंतर आम्ही काही कळवणार नाही आणि तुमच्या पत्राने यादी हलणार नाही, असं काही प्रोग्रॅम आधीच जाहीर करतात. मॅच चालवणाऱ्या संस्थेने हे सर्वांना सक्तीचं करावं आणि क्रमांकाचा इशारा देणारा ई-मेल हाच नियमभंग ठरवावा.

तोवर यंदा याद्या भरणाऱ्यांनी आलेले ई-मेल बाजूला ठेवून, जिथे खरोखर शिकायचं आहे त्या क्रमाने नावं लिहावीत. मार्चच्या सुरुवातीला मुदत संपते ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री नऊला, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला. यादी नुसती भरून चालत नाही, ती प्रमाणित करावी लागते. प्रमाणित न केलेली यादी मॅचमध्ये धरलीच जात नाही.